दुपारच्या सुट्टीतलं पोहणं

मंगळवार, २१ जानेवारी

आज पहिल्यांदा तलावात उतरले. उतरले म्हणजे शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून दोन्ही हातांनी कठडा धरून ठेवला. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून मनातल्या मनात मी त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलं. त्या म्हणाल्या, "कठडा कुठे पळून जात नाही, सोडा." मी म्हटलं, "तो नाही जाणार हो, मी जाईन. खाली." शेजारच्या पट्ट्यातल्या दोन शाळकरी पोरी फिदीफिदी हसल्या.

हा उपद्व्याप कशासाठी, ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे कंटाळा आला की वाचता येईल. दादाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसच्या मशीनला जोडतात आणि संध्याकाळी तो पिळून काढलेल्या फडक्यासारखा घरी येतो. वहिनीची किडनी जुळत नाही. माझी जुळते, अगदी मस्त जुळते म्हणे. पण माझं बीपी काठावर, वजन काठाच्या बरंच पलीकडे, आणि दोन जिने चढले की धाप. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "तीन महिने देते. बीपी आणि वजन उतरलं, दम वाढला, तर पुढे जाऊ. नाहीतर एकाला वाचवायला दुसऱ्याचा जीव मी टांगणीला लावणार नाही." चालायला माझा गुडघा तयार नाही, म्हणून पोहणं.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघू." दादाच्या 'बघू'चा अर्थ वहिनीलाही अजून लागलेला नाही.

वेळ एकच, जेवणाच्या सुट्टीची. तलाव आमच्या कृत्रिम दातांच्या प्रयोगशाळेच्या समोरच आहे. कपडे बदलणं, केस पुसणं आणि डबा कसाबसा घशाखाली ढकलणं वजा केलं, तर पाण्यात अर्धा तास मिळतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार. नवरा होय म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. टॉवेल, टोपी आणि डबा पिशवीत भरून त्याने ती दाराशी ठेवली होती.

गुरुवार, २३ जानेवारी

फोमची फळी धरून पाय मारायचे होते. मी जीव तोडून मारले. फळी जागची हलली नाही. थोड्या वेळाने लक्षात आलं की आपण मागे सरकतो आहोत. शिट्टीबाई म्हणाल्या की इतक्या वर्षांत असं करणारी मी दुसरीच. पहिली कोण, ते विचारायचं राहून गेलं.

आज पाण्यात उतरायलाच उशीर झाला. निघता निघता दादाचा फोन. त्याच्या बेकरीतला नळ गळतो आहे, वॉशर बदलावा की अख्खा नळच बदलावा? मी दात बनवते, नळ नाही. पण दादाने विचारलं की माझ्याने फोन ठेव म्हणवत नाही. बाबा गेले तेव्हा मी तिसरीत होते. माझ्या वह्यांना कव्हरं घालण्यापासून माझ्या लग्नात मांडवभर धावण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं. शेवटी नळ तसाच गळू द्यायचा असं ठरलं.

रविवार, २ फेब्रुवारी

रविवारी आम्ही दोघं दादाकडे जेवायला असतो. गेली अनेक वर्षं हेच आहे, फक्त आता दादाच्या ताटात बिनमिठाचं, मोजून मापून उकडलेलं असतं. तो तक्रार करत नाही. पण बेकरीवाल्याच्या हाताला स्वस्थ बसवत नाही. आज माझ्यासाठी त्याने लोण्याचा केक केला होता, वर साखरेचा थर, शिवाय खारी आणि तळलेले बटाटे. समोर बसून म्हणतो, "खा गं. तू खाल्लंस की मला खाल्ल्यासारखं वाटतं." आता यावर कोण नाही म्हणेल? मी तीन तुकडे खाल्ले. चौथा बशीत घेतला तेवढ्यात वहिनीने बशीच उचलली. म्हणाली, "पुरे आता, रात्री पोट दुखेल." जणू मी पाच वर्षांची आहे. वहिनी आत गेल्यावर दादाने तुकडा कागदात गुंडाळून माझ्या पर्समध्ये सरकवला.

वहिनी हल्ली फार तुटक वागते. आजारी माणसाचं करून करून दमली असेल, समजतं मला. पण केकच्या तुकड्यावरून एवढं? नणंद किडनी द्यायला निघाली आहे आणि हिला लोणी जड झालं. घरी येताना नवऱ्याला म्हटलं तर तो नुसताच "हं" म्हणाला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

फळी सुटली. हातपाय मारत तलावाची अर्धी रुंदी गाठली आणि मग असा दम लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कठड्याला लोंबकळत राहिले. सत्तरीच्या एक आजी माझ्या बाजूने सावकाश जात होत्या. जाताना "होईल, होईल" म्हणाल्या. परत येताना पुन्हा "होईल" म्हणाल्या. मी अजून तिथेच.

माझ्यात दमच नाही, हे आता मान्य करावं का? सहा महिने असते तर गोष्ट वेगळी. अर्ध्या तासाने काय होणार?

दादाचा आजही फोन होता. यावेळी भिंतीचा रंग. गंमत म्हणजे त्याला माझी आठवण येते ती नेमकी मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, आणि तीही सुट्टी लागल्या लागल्या. सोमवारी मी सुट्टीभर रिकामी असते, तेव्हा चकार शब्द नाही. सोमवारी त्याचं डायलिसिस, दमलेला असतो, म्हणून असेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शिट्टीबाई आज गॉगल लावून माझ्या शेजारी पाण्याखाली उतरल्या. वर येऊन म्हणाल्या, "तुम्ही श्वास सोडतच नाही."

"सोडते की."

"एक बुडबुडा दिसला नाही मला. डोकं पाण्यात घातलं की तुम्ही श्वास कोंडून धरता. मग वर येऊन सोडायचा आणि घ्यायचा, दोन्ही एकदम करता. दम लागेल नाहीतर काय? तुमच्यात दम कमी नाही, जुना भरून ठेवलाय तुम्ही."

मला पटलं नाही. सत्तेचाळीस वर्षं श्वास घेते-सोडते आहे, तो यांच्याकडून शिकायचा?

बुधवार, १२ फेब्रुवारी

पटलं. आज सकाळी मी एका पुढच्या दातावर पोर्सिलेन चढवत होते. भुकटी ओली करून ब्रशने एकेक थर द्यायचा असतो. दाताची कड इतकी नाजूक की नाकातून जोरात श्वास सुटला तरी बिघडते. कड नीट झाली, ब्रश खाली ठेवला आणि "हुश्श" झालं. तेव्हा उमगलं की इतका वेळ मी श्वास धरूनच बसले होते. मग शेजारच्या टेबलांवर नजर टाकली. ओळीने आम्ही पाचजणी, सगळ्या माना खाली घालून गप्प, आणि कोणाचीही छाती हलत नव्हती. बावीस वर्षं हे करते आहे. कामात जराशी जोखीम दिसली की आपोआप कोंडतो, आणि पाण्यात तर मला जोखमीशिवाय काही दिसतच नाही.

जेवताना सगळ्याजणींना सांगितलं. दिवसभर एकमेकींना "सोड गं" म्हणत हसत होतो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बुडबुडे! पाण्यात तोंड घालून "ऊऊऊ" असा आवाज काढत सोडायचा, ही शिट्टीबाईंची युक्ती. बाहेरून काय दिसत असेल देव जाणे. पण आज अख्खी रुंदी पार केली आणि कठड्याला हात लागला तेव्हा मला खरोखर आश्चर्य वाटलं. लगेच परतही आले. आजी म्हणाल्या, "बघा." मला इतका आनंद झाला की केस न पुसताच कामावर गेले.

गुरुवार, ६ मार्च

मधली तपासणी. बीपी उतरलं आहे. वजन हट्टाला पेटलं आहे, जेमतेम हललं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोहता ना नियमित? मग खाता काय?" मी रविवारचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "दर रविवारी? आणि बांधून घरी आणता तेही?" मी मान डोलावली. "हे असंच चाललं तर एप्रिलमध्ये मी नाही म्हणेन," असं त्या म्हणाल्या.

खरं लिहायचं तर बाहेर आल्यावर क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. नाही म्हणाल्या तर मी काय करणार, मी तर प्रयत्न केला, असं. नवऱ्याने परवा पेपरातून डोकं वर न काढता विचारलं होतं, "ऑपरेशन किती तासांचं असतं?" मला भूल घ्यायची भीती वाटते. उठलेच नाही तर, ही भीती वाटते. आणि लगेच दादाचा मशीनला जोडलेला हात आठवतो आणि स्वतःची लाज वाटते.

मंगळवार, ११ मार्च

पोहून बाहेर आले तर फाटकाशी वहिनी उभी. मी लगेच विचारलं, "दादाला काय झालं?" म्हणाली, "त्याला काही नाही झालं. तुझ्याशी बोलायचं होतं, घरी जमत नाही."

शेजारच्या बाकावर बसलो. माझ्या केसांचं पाणी तिच्या बाहीवर गळत होतं, तरी ती सरकली नाही. म्हणाली, "तू नापास व्हावंस म्हणून तुझा दादा धडपडतोय, कळतंय का तुला?"

मला काही कळेना.

"केक कशाला करतो तो? खारीत दुप्पट मीठ घालतो, मी पाहिलंय. तुझी सुट्टी किती वाजता होते ते बघून फोन करतो. नळ केव्हाच दुरुस्त झालाय. मला म्हणतो, तिचं बीपी चढलेलंच राहिलं तर डॉक्टरच नको म्हणतील. म्हणजे त्याला तोंडाने नाही म्हणायला नको, आणि तुला वाईट वाटायला नको."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? 'माझ्या नवऱ्यासाठी किडनी दे, आणि त्याआधी केक खाऊ नकोस' असं सांगू? कुठल्या तोंडाने मागू मी तुझ्याकडे?" आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांत वहिनीला रडताना मी पाहिलं नव्हतं. मी तिला चिकट समजत होते. एक बशी उचलणं तेवढं तिच्या हातात होतं आणि तेवढं ती करत होती. मी तिचा हात धरून बसले. डबा तसाच राहिला.

रविवार, १६ मार्च

आज केकला हात लावला नाही. दादा म्हणाला, "घे की." मी म्हटलं, "नको. माझी तपासणी आहे." "एका तुकड्याने काय होतंय?" "तुला चांगलं माहीत आहे काय होतं ते."

वहिनी ताटातल्या भाताकडे बघत राहिली. मी ठरवलं होतं की शांतपणे बोलायचं, पण जीभ ऐकेना. म्हटलं, "तुला नको असेल तर तोंडावर सांग. मला लोणी चारून फसवू नकोस. मी काही तुझं गिऱ्हाईक नाही." दादा उठला आणि आतल्या खोलीत गेला. ताट अर्धं तसंच. त्याला आधीच खायला एवढंसं मिळतं, तेही माझ्यामुळे राहिलं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "बरं केलंस." मग स्वयंपाकघरात उभं राहून पाठमोराच म्हणाला, "मीही नाही म्हणणार नाही. फक्त मला भीती वाटते, एवढं तुला माहीत असू दे." मी त्याच्या पाठीला डोकं टेकून उभी राहिले.

शनिवार, २९ मार्च

गेल्या रविवारी दादाकडे गेलो नाही. त्याने बोलावलं नाही, मीही गेले नाही. दुपारचे फोन बंद झाले. आता पाण्यात पुरता अर्धा तास मिळतो आणि तो मला खायला उठतो. आज कपडे बदलताना फोन दोनदा पाहिला. नळाबद्दल तरी विचारावं माणसाने.

वहिनी सांगते, तो कोणाशीच बोलत नाही. ती म्हणते, तू पास झालीस तरी तो होय म्हणेल की नाही कोण जाणे. मग मी हे सगळं कोणासाठी करते आहे? तरी मंगळवार उजाडला की पाय तिकडे वळतात. रागारागाने पाय मारते, त्यामुळे वेग मात्र चांगला येतो. शिट्टीबाई खूश आहेत.

शनिवार, ५ एप्रिल

आज लांबी. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधल्या खोल भागासकट, कुठेही न थांबता. अर्ध्यावर तळ दिसेनासा झाला तेव्हा धाबं दणाणलं होतं. पण हात चालू ठेवले, बुडबुडे चालू ठेवले, आणि भिंत आली. वर बघितलं तर शिट्टीबाई शिट्टी वाजवायची विसरून टाळ्या वाजवत होत्या. मी कठड्यावर बसून वेड्यासारखी हसत होते. पहिला विचार आला की दादाला सांगू. मग सांगितलं नाही.

प्रयोगशाळेत बाकीच्या चौघींनी मला खुर्चीत बसवून माझ्या दुपारच्या कामाचा अर्धा ढीग उपसून टाकला. जिना आता एका दमात चढते, हे मला आज त्यांच्याकडून कळलं.

गुरुवार, १७ एप्रिल

पास. बीपी ठीक, वजन ठीक, हृदय ठणठणीत. डॉक्टरीणबाईंनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाल्या, "मंगळवारी तुमच्याशी एकटीशी बोलायचं आहे, मग भावाशी एकट्याशी. दोघांनी स्वतंत्रपणे होय म्हटल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही." मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "तो येईल. एवढं मी बघते."

मंगळवार, २२ एप्रिल

आज तलाव बुडाला, पण लिहायला हवं.

आधी मी आत गेले. डॉक्टरीणबाईंनी दार लावलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला द्यायची नसेल तर आत्ता सांगा. बाहेर आम्ही एवढंच सांगू की तुमची किडनी योग्य नाही. कारण कोणालाही, कधीही कळणार नाही. तुमच्या भावालाही नाही."

हे मला माहीतच नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं की आता परतीची वाट नाही, आणि ही बाई सरळ दार उघडून उभी. मी खिडकीबाहेर बघत बसले. खाली कोणीतरी गाडी लावायला जागा शोधत होतं. त्या घाई करत नव्हत्या. मी मनात तपासून पाहिलं, खरंच तपासलं. भीती होती, तेवढीच होती, कमी झालेली नव्हती. पण त्या दारातून बाहेर पडावं असं वाटलं नाही. म्हटलं, "मला भीती वाटते. आणि मला द्यायची आहे. दोन्ही लिहा." त्या म्हणाल्या, "दोन्ही लिहिते."

बाहेर दादा बाकावर बसला होता. महिनाभरात आणखी वाळला आहे. वहिनी आणि नवरा मुद्दाम जरा लांब जाऊन उभे राहिले. मी त्याच्या शेजारी बसले.

"काय विचारलं?" तो म्हणाला.

"कोणी बळजबरी करतंय का, असं विचारलं."

"मग?"

"म्हटलं, करतोय. माझा भाऊ. लोणी खायची."

त्याला हसू आलं आणि ते लपवायला त्याने तोंड फिरवलं. मग तसंच भिंतीकडे बघत म्हणाला, "तुला काही झालं तर मी आईबाबांना काय तोंड दाखवू? तू एवढीशी होतीस. तुला मी वाढवलंय. वाढवलेल्या पोरीच्या पोटाला चिरा पाडून घेऊ मी? नाही होत गं माझ्याच्याने. मला घ्यायची सवयच नाही."

"मग घेऊ नकोस," मी म्हटलं. "आयुष्यभर मागेन ते देत आलास ना मला? मागितलं नाही तेही दिलंस. आता एकच मागते. तुझा होकार दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आतून त्याला हाक आली. तो उठला, तोल गेला म्हणून मी हात पुढे केला, पण त्याने तो धरला नाही. एकटाच गेला आणि दार लागलं.

वहिनी येऊन माझ्याजवळ बसली. आम्ही दोघी त्या दाराकडे बघत होतो. आत काय चाललंय याचा अंदाज येत नव्हता. नवऱ्याने कुठूनतरी चहाचे दोन कप आणले, ते आमच्या हातात निवले. त्याला नाही म्हणायचं असेल तर हीच जागा होती. आम्हालाही तेच सांगतील, किडनी योग्य नाही, आणि खरं कधीच कळणार नाही. हे माझ्या डोक्यात आलं. वहिनीला मी ते सांगितलं नाही.

दार उघडलं. दादा बाहेर आला, आमच्यासमोर उभा राहिला आणि शर्टाची कॉलर उगीचच नीट करत राहिला. तिसरीतल्या मला शाळेच्या फाटकाशी सोडून जाताना जसा माझ्याकडे बघायचा, तसा बघत होता.

"दिला," तो म्हणाला.